सातखणी मनोऱ्याखाली

हौसेराव भोइटे आमच्या सोसायटीत राहायला आले ते चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यात. त्याआधी नेरुळच्या आमच्या तीन बिल्डिंगांमध्ये इतिहासातलं काही विचारायचं झालं तर लोक माझ्याकडे यायचे. कुणाच्या मुलाचा किल्ल्यावरचा निबंध, कुणाच्या गावच्या देवळातला शिलालेख, सगळं "खानविलकरांना विचारा" करत माझ्या दाराशी यायचं. मी जयप्रकाश खानविलकर. महाप्याच्या एका औषध कंपनीत पर्सोनेल खात्यात सीनियर क्लार्क. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही, बी.कॉम. झालो आणि नोकरीला चिकटलो. पण रेवदंड्याचा कोट हे माझं वेड होतं.

रेवदंडा अलिबागच्या पुढे आहे. समुद्र आणि खाडी यांच्या बेचक्यात पोर्तुगीजांनी तिथे एक अख्खं शहर वसवलं होतं. भोवती तट, आत चर्च, वखारी, घरं, रस्ते. आता तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि झाडांतून मधेच एखादी दोन मजली उंचीची कमान एकटीच उभी दिसते. मी तिथे अकरा वेळा गेलो होतो, बहुतेक एकटाच. मीना, माझी बायको, लग्नानंतरच्या वर्षी एकदा आली होती. ऊन लागलं म्हणून किनाऱ्यावर सावलीत बसून राहिली. पुन्हा कधी येते म्हणाली नाही.

हौसेराव पन्नाशीच्या जवळ आलेले, सावळे, जाड मिशांचे. मूळ साताऱ्याकडचे. मेव्हण्याचा तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता, तिथे बायकोला घेऊन राहायला आले. मुलगी लग्न होऊन कोरेगावला होती. सोसायटीच्या सत्यनारायणाला ते पहिल्यांदा सगळ्यांमध्ये बसले आणि कुणीतरी विचारलं, काय करत होता?

"बोटीवर हुतो," ते म्हणाले. "अठरा वर्षं. मालवाहू बोट."

देशावरचा माणूस आणि बोटीवर! लगेच चार खुर्च्या त्यांच्याकडे सरकल्या.

"कार्ताहेना म्हणून गाव हाय बगा, दक्षिण अमेरिकेत," ते सांगायला लागले. "पार समुद्राच्या कडंला. सगळ्या गावाला तट. रुंदी म्हणाल तर दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील. आत घरं पिवळी, तांबडी, निळी, आन् घराघराला लाकडी सज्जा. सज्ज्यातनं फुलांचे वेल खाली लोंबत्यात. डोक्यावर फळाच्या पाट्या घिऊन बाया हिंडत्यात. संध्याकाळ झाली की सगळं गाव तटावर येऊन बसतं, आपल्याकडं पारावर बसत्यात तसं. म्हातारी तोफांवर पाय सोडून बसत्यात. आन् समोर दर्या."

प्रसाद घेऊन घरी जायचं सोडून लोक ऐकत राहिले. माझी मुलगी क्षिप्रा तेव्हा आठवीत होती. ती त्यांच्या खुर्चीच्या पायाशी सतरंजीवर बसली होती, हनुवटी गुडघ्यावर टेकवून. असं बसून ती लहानपणी माझे नकाशे बघायची.

दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "बाबा, तुमच्या रेवदंड्यात असे सज्जे होते?"

"असतील. लाकूड टिकत नाही चारशे वर्षं."

"काकांनी पाहिलेत," ती म्हणाली.

तिने ते सहज म्हटलं. माझ्या मात्र दिवसभर डोक्यातून जाईना.

मग तो रोजचाच कार्यक्रम झाला. संध्याकाळी मी ऑफिसच्या बसमधून उतरायचो तेव्हा गेटजवळच्या कट्ट्यावर हौसेराव बसलेले असायचे आणि भोवती पोरं, बाप्ये, भाजी घेऊन येता येता थांबलेल्या बायका. त्यांत कधी कधी मीनाही असायची, हातात कोथिंबिरीची जुडी तशीच. मला बघितलं की ती "चला, चहा टाकायचाय" म्हणून निघायची. घरी आल्यावर गॅसपाशी उभी राहून सांगायची, "अहो, तिथे म्हणे भिंती पिवळ्या का, तर..." मी म्हणायचो, "माहितेय." मला माहीत नसायचं.

नोव्हेंबरात आमच्या कंपनीत कामगारांच्या हजेरीच्या वेळा लिहिणाऱ्या टाइमकीपरची जागा निघाली. पेपरात जाहिरात दिली ती कंपनीचं नाव न देता, नुसत्या बॉक्स नंबरवर. साहेबांची पद्धत होती तशी, म्हणजे ओळखीपाळखीचे लोक दारात येत नाहीत. एकतीस अर्ज आले. ते वाचून दोन गठ्ठे करायचे, मुलाखतीला बोलवायचे आणि ठेवून द्यायचे, हे माझं काम.

विसावा की एकविसावा अर्ज हौसेराव भोइट्यांचा होता. पत्ता आमच्याच सोसायटीचा. टायपिंगच्या दुकानातून टाइप करून घेतलेला, खाली मोठी लफ्फेदार सही. अनुभव: एकोणीसशे चौऱ्याहत्तर ते ब्याण्णव, मुंबईच्या गोदीत एका खासगी ठेकेदाराकडे टॅली क्लार्क. बोटीतून उतरणारी पोती आणि खोकी मोजून लिहून घेणं. सोबत ठेकेदाराचं सर्टिफिकेट होतं: सदर गृहस्थ अठरा वर्षांत एकदाही लांब रजेवर गेलेले नाहीत.

मी ते वाक्य दोन-तीनदा वाचलं. अठरा वर्षांत एकदाही नाही. म्हणजे कार्ताहेना नाही, तट नाही, तोफा नाहीत. माणूस मुंबई सोडून कुठे गेलेलाच नव्हता.

मला काय वाटलं ते सांगायला हवं. मला आनंद झाला. पगारवाढीचं पत्र हातात आल्यावर होतो तसा. मी उठून पाणी प्यायलो आणि परत येऊन बसलो. टाइमकीपरच्या कामाला त्या एकतीस जणांत त्यांच्याइतका योग्य माणूस दुसरा नव्हता, हे मला दिसत होतं. वयाची अट पंचेचाळीसची होती, ते एकोणपन्नासचे होते. पण त्याच दुपारी अठ्ठेचाळीस वर्षांच्या एका माणसाला मी बोलवायच्या गठ्ठ्यात घातलं होतं. भोइट्यांचा अर्ज मी दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवला, मधेच कुठेतरी, वर दिसू नये असा. जागा डिसेंबरात भरली.

घरी मी कुणालाच काही बोललो नाही. कट्ट्यावरून हशा ऐकू आला की आता मी खिडकी लावून घेत नसे. ऐकत राहायचो. मनात म्हणायचो, सांगा, अजून सांगा.

सोसायटीची वार्षिक सहल जानेवारीत असायची. रेवदंड्याला जाऊ या म्हणून मी तीन वर्षं मीटिंगमध्ये सांगत होतो आणि तीन वर्षं लोक "पडक्या भिंती काय बघायच्या" म्हणून रिसॉर्टला जात होते. त्या वर्षी मी पुन्हा विषय काढला. सेक्रेटरी अरविंद सबनीस नेहमीसारखे घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतून हौसेराव म्हणाले, "तटाचं गाव हाय का आपल्याकडं? अलिबागच्या पल्याड? मग बघायलाच पायजे की. तिकडं लोक इमानात बसून येत्यात आसली गावं बघायला."

पाच मिनिटांत ठराव पास झाला. बाहेर पडताना सबनीसांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "भोइटे, मस्त आयडिया दिलीत."

मी तरीही तयारीला लागलो. रात्रंदिवस खपून चार पानांचं टिपण लिहिलं. कोट कधी बांधला, निजामशाहीने वेढा कधी घातला, मराठ्यांकडे कधी आला, आतली चर्च कुठली, त्यांचा नकाशा. ऑफिसच्या झेरॉक्सवर पन्नास प्रती काढल्या.

जानेवारीचा शेवटचा रविवार. सकाळी सहाला बस निघाली. मी प्रत्येक सीटवर एकेक प्रत ठेवली होती. पनवेल गेलं, पेण गेलं. मागच्या सीटवर अंताक्षरी चालू होती. वडखळ नाक्यावर वडापावसाठी बस थांबली. मी चहाचा ग्लास घेऊन उभा होतो आणि समोर सबनीसांच्या मिसेस वड्याचं तेल माझ्या नकाशाला पुसत होत्या. त्यांचं लक्षही नव्हतं. मी बघितलं तर चार-पाच जणांच्या हातात वड्याखाली माझीच पानं होती.

हौसेरावांच्या हातात नव्हती. त्यांनी आपली प्रत घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली होती. म्हणाले, "साहेब, लई मेहनत केलीत. म्या दोनदा वाचलं." मला त्याचाही राग आला.

अलिबागकडून येणारा रस्ता तटाच्या दरवाजातूनच आत शिरतो. काळ्या दगडाची कमान डोक्यावरून गेली तेव्हा मी माइक हातात घेऊन उभा राहिलो, पण ड्रायव्हरने वळणावर गचका दिला आणि मी सीटवर आपटलो. लोक हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. मला तसं वाटलं नाही.

पहिल्या चर्चच्या पडक्या भिंतीशी मी पंधरा मिनिटं बोललो असेन. सुरुवातीला चाळीसएक माणसं होती. बोलणं संपलं तेव्हा मीना, हौसेराव, त्यांची बायको विजयमाला आणि एक झोपाळलेले आजोबा राहिले होते. बाकीचे शहाळी प्यायला पांगले होते. हौसेराव भिंतीवर तळवा टेकवून उभे होते.

"चुन्यात काय घातलं आसंल साहेब? आजून गच्च हाय."

"शिंपले जाळून केलेला चुना," मी म्हणालो.

"आन् आत घरं किती आसतील?"

"दिलंय टिपणात."

मीनाने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे वळली. "भावोजी, तुमच्या कार्ताहेनाचा तट असाच होता का हो?"

झालं. ते सांगायला लागले, आणि शहाळ्याच्या गाडीपाशी गेलेले लोक ग्लास-स्ट्रॉ हातात धरून परत आले. हौसेराव चालायला लागले तशी सगळी सहल त्यांच्या मागून चालायला लागली. जिथे मी थांबायला सांगितलं असतं तिथेच ते थांबत होते. टिपण खरंच वाचलं होतं त्यांनी. पण मी जिथे सन सांगितला असता तिथे ते म्हणायचे, "हितं बाजार भरत आसंल बगा. तिकडं भरतो तसा. ही कमान हाय ना, हिच्याखाली सावलीला घोडेवाला बसत आसंल." आणि लोक खरोखरच कमानीखाली बघायचे. क्षिप्रा वहीत लिहून घेत होती. अकरा वेळा मी त्या कमानीखालून गेलो होतो. मला तिथे घोडेवाला कधी दिसला नव्हता, आणि आता तो दिसायला लागला, हे मला सहन होईना.

जेवण एका वाडीत होतं. वालाचं बिरडं, सुरमई, भाकऱ्या. मीना पंगतीत विजयमालावहिनींच्या शेजारी बसली. मी टोकाला बसलो. मला कुणी बाजूला टाकलं नव्हतं. मीच तिथे जाऊन बसलो होतो.

जेवून सगळे मनोऱ्यापाशी गेलो. गावचे लोक त्याला सातखणी म्हणतात. सगळे मजले आता उरलेले नाहीत, पण अजूनही नारळांच्या वर डोकं काढून उभा आहे. लोक सावलीला बसले. हौसेरावांनी वर बघितलं.

"आसं समजा," ते म्हणाले, "की हितं एका व्यापाऱ्याची लेक रोज वर चढायची. बाप बोटीवर गेलेला. वरनं ती शिडं मोजायची..."

"हा चर्चचा मनोरा आहे," मी म्हणालो. "फ्रान्सिस्कन पाद्र्यांचा. इथे कुणाची लेक चढत नव्हती."

"अहो खानविलकर," सबनीस म्हणाले, "मजा नका घालवू."

"न्हाई न्हाई, साहेबांचं बरोबर हाय," हौसेराव घाईने म्हणाले. "त्यांचा अभ्यास हाय. साहेब, तुमीच सांगा पुढचं."

"नको, त्यांची पानं आम्ही घरी वाचू," सबनीस म्हणाले.

"माझी पानं तर वड्याखाली गेली," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. क्षिप्राही हसली. हसू आलं म्हणून तिने तोंडावर वही धरली, पण तिचे खांदे हलताना मी पाहिले. मीना हसली नाही. ती हौसेरावांना म्हणाली, "भावोजी, तुम्हीच सांगा. मग त्या मुलीचं काय झालं?"

सोळा वर्षांच्या संसारात तिने मला कधी "मग काय झालं" असं विचारलं नव्हतं.

मी उभा राहिलो. "काय झालं ते मी सांगतो," मी म्हणालो. "हे भोइटे कधी बोटीवर नव्हतेच. अठरा वर्षं गोदीत पोती मोजत होते. टॅली क्लार्क. एकदासुद्धा लांब रजेवर गेले नाहीत, तसं सर्टिफिकेट आहे त्यांचं. त्यांच्या अर्जाला जोडलेलं. मी स्वतः वाचलंय."

हौसेराव माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा पडेल, ते काहीतरी सारवासारव करतील. पण ते कसला तरी हिशोब जुळवत असल्यासारखे उभे होते.

"अर्जाला?" ते म्हणाले. "कुठल्या अर्जाला?"

मी मनोऱ्याकडे बघितलं.

"म्या येकच अर्ज केला. दिवाळीनंतर. टाइमकीपरचा, बॉक्स नंबरवर." ते थांबले. "ती तुमची कंपनी हुती व्हय?"

मी मान हलवली.

"मला वाटलं टपालात गहाळ झाला. म्या पोस्टमनला दोनदा विचारलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पोचला हुता तर."

तेव्हा विजयमालावहिनी उठल्या. साड्यांना फॉल-बिडिंग करणारी, खाली मान घालून जाणारी बाई. आठ महिन्यांत मी त्यांचा आवाज फारसा ऐकला नव्हता. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"भावजी, त्यांचा पांढरा शर्ट मी दर सोमवारी इस्त्री करून ठेवत हुते," त्या म्हणाल्या. "बोलावणं आलं तर धावपळ नको म्हणून. ह्या सोमवारीपण केला."

एवढंच बोलून त्या जाऊन पुन्हा आपल्या जागी बसल्या.

"जागा भरली का?" मीनाने विचारलं. माझ्याकडे न बघता.

"डिसेंबरात."

क्षिप्रा हौसेरावांजवळ गेली. "काका, म्हणजे ते गाव खोटं आहे?"

ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "गाव खरं हाय बाळ. म्या गेलो न्हाई. गोव्याचा एक कुक हुता बोटीवर, तो गेलता. पावसात माल उतरायचं काम थांबलं की आमी शेडमदी बसायचो, तवा तो सांगायचा. दर साली यायचा आन् दर साली तेच सांगायचा. आयकून आयकून मला ती गल्लीन् गल्ली पाठ झाली. मग गोदीतनं काढलं आमाला. घरी बसलो. हितं आलो तवा कुणी विचारलं काय करत हुता, तर..." त्यांनी हात झटकले. "पोती मोजत हुतो, असं म्हनायला जीभ रेटली न्हाई. चुकलं माझं."

ते उठले आणि एकटेच समुद्राकडच्या दरवाजाकडे चालत गेले. थोड्या वेळाने सबनीस त्यांच्या मागून गेले. माझ्याजवळ कुणी आलं नाही. मी मनोऱ्याच्या पायाशी उभा होतो. जे बोललो ते सगळं खरं होतं, आणि चाळीस माणसांत नजर वर करायची सोय नव्हती ती माझीच.

परतीच्या बसमध्ये कुणीतरी अंताक्षरी सुरू केली, ती दोन गाण्यांत विझली. क्षिप्रा विजयमालावहिनींच्या शेजारी जाऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीनाने माझ्यासमोर चहा ठेवला आणि बसली. सहसा ती सकाळी बसत नाही.

"तुम्हाला राग कशाचा आला होता?"

"तो खोटं बोलत होता."

"ते नाही विचारलं मी. अर्ज आला तेव्हा नोव्हेंबर होता. तेव्हा कुठे सहल होती?"

मी चहा बशीत ओतला. मग म्हणालो, "तू मला कधी काही विचारलं नाहीस. कोटाचं. एकदाही."

तिला ते लागलं असावं. मग म्हणाली, "विचारायला तुम्ही जागा कुठे ठेवता? माझा प्रश्न संपायच्या आत तुमचा सन तयार असतो. पण ते आपल्या दोघांतलं झालं. त्यात त्या माणसाची भाकरी कशाला अडवायची?"

आठ दिवस मी जिन्यातून जाताना तळमजल्याचं दार टाळत होतो. नवव्या दिवशी बेल वाजवली. हौसेराव जमिनीवर बसून बायकोला साडीची किनार धरून देत होते. त्यांनी मला खुर्ची दिली. मी माफी मागितली. कशी मागितली ते मला आठवत नाही, पण "चुकून" हा शब्द मी वापरला नाही, एवढं आठवतं.

ते म्हणाले, "साहेब, बोटीचं म्या खोटं बोललो, ते तुमी उघडं पाडलं. त्याचं काय न्हाई. कवातरी पडणारच हुतं. पण दोन महिनं तुमी रोज गेटातनं जाताना मला 'काय भोइटे, बरं हाय ना' म्हनायचा. ते नगं हुतं."

चहा न घेता मी उठलो. त्यांनीही आग्रह केला नाही.

ऑफिसात मी साहेबांना सांगितलं की टाइमकीपरच्या वेळी एक चांगला अर्ज माझ्याकडून चुकून बाजूला राहिला. पूर्ण खरं तिथेही सांगता आलं नाही. साहेब वैतागले, मेमो देईन म्हणाले, दिला नाही. अर्ज मात्र त्यांनी मागवून घेतला. जूनमध्ये, डिसेंबरात घेतलेला माणूस घर तळोज्याजवळच्या नावड्याला म्हणून तिथल्याच एका कंपनीत निघून गेला आणि साहेबांनी भोइट्यांना बोलावणं पाठवलं. हौसेराव जायला तयार नव्हते, असं मीनाकडून कळलं. विजयमालावहिनींनी त्यांना पाठवलं. जुलैच्या एक तारखेला ते रुजू झाले.

लोकांनी मला लवकरच माफ केलं. सोसायटीत माणसं किती दिवस तोंड फिरवून राहणार, पाण्याच्या टँकरच्या वेळी सगळ्यांना सगळे लागतात. क्षिप्राला वेळ लागला. माझ्याशी ती बोलायची, पण वही दाखवेनाशी झाली.

आणि माझं काय झालं म्हणाल, तर टाइम ऑफिस आमच्या खात्याला लागूनच आहे. मधे फक्त प्लायवुडचं पार्टिशन. जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगचे कामगार डबे घेऊन हौसेरावांकडे जमतात. मला पलीकडून सगळं ऐकू येतं. मागे एकदा दिघ्याहून येणाऱ्या एका नव्या ऑपरेटरने त्यांना विचारलं, "काका, तुमी फॉरेनला होता ना?"

माझा घास हातातच राहिला.

"छ्या," हौसेराव म्हणाले. "आपली धाव रेवदंड्यापतुर. पण ते गाव काय साधं हाय व्हय? बस, सांगतो." आणि ते सांगायला लागले. तट, कमान, चुन्यातले शिंपले. सगळं माझ्याच टिपणातलं, आणि माझं एकही वाक्य नाही. पलीकडे डब्यांचा आवाज थांबला. मराठ्यांनी कोट घेतला ते साल त्यांनी सत्तेचाळीस सांगितलं.

"चाळीस," मी पार्टिशनच्या अलीकडून ओरडलो. "सतराशे चाळीस!"

पलीकडे एक खुर्ची सरकली.

"ऐका, साहेब सांगत्यात," हौसेराव म्हणाले. "चाळीस. साहेब, या की हिकडं, डबा घिऊन."

मी गेलो नाही. मला माझ्याच टेबलाशी बसून ऐकायचं होतं, आणि ऐकताना पोटात जे जळत होतं ते त्या माणसांसमोर जळू द्यायचं नव्हतं. मी भाजी संपवली. पलीकडे कुणीतरी विचारत होतं, "मग काय झालं?"